ज्या दुःखाला घाट नाही

उज्जैनमध्ये गढकालिकेचं देऊळ मागे टाकून क्षिप्रेच्या काठाने थोडं पुढे गेलं की भर्तृहरीच्या गुंफा लागतात. अरुंद पायऱ्या, वाकून आत शिरावं लागेल अशी वाट, आत धुनी आणि नाथपंथी साधू. संस्कृत शिकलेल्यांना भर्तृहरी ठाऊक असतो तो शतकांचा कर्ता म्हणून. वामनपंडितांनी ती शतकं मराठीत आणली. पण ज्या घरांत श्रावणात नवनाथांची पोथी लागते, त्या घरांना तो भर्तरीनाथ म्हणून जवळचा. धुंडीसुत मालूने ‘नवनाथ भक्तिसार’ शके 1741मध्ये पूर्ण केलं. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, या राजाचं दुःख मराठी घरांत मोठ्याने वाचलं जातं आहे.

गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. लोकांत जास्त चालते ती अमरफळाची. राजाने जीव लावून राणीला दिलेलं फळ हातोहाती फिरून परत राजाकडेच येतं आणि राणीचं मन दुसरीकडे गुंतल्याचं त्याला कळतं. पोथीतली गोष्ट वेगळी. तिथे राजाच आपल्या राणीची, पिंगळेची, परीक्षा पाहायला जातो. शिकारीला गेल्यावर स्वतःच्या मरणाची खोटी वार्ता रक्ताने माखलेल्या वस्त्रासह घरी धाडतो. पिंगळा ती खरी मानून अग्नीत देह टाकते. राजा परततो तेव्हा राखच उरलेली असते. मग तो स्मशानात बसतो आणि बारा वर्षं तिथून उठत नाही.

एका गोष्टीत जोडीदाराने फसवलं, दुसरीत आपण जोडीदाराला फसवलं. घाव दोन्हीकडे घरातलाच. त्या बारा वर्षांत राजाची समजूत घालायला कोणी गेलं नसेल असं थोडंच आहे? प्रधान गेले असतील, आप्त गेले असतील, आणि जे सगळेच म्हणतात तेच त्यांनीही म्हटलं असेल. शेवटी गोरक्षनाथ येतो. तो उपदेश करत नाही. हातातलं मातीचं भांडं फुटतं आणि तो तिथेच बसून त्या भांड्यासाठी मोठमोठ्याने रडू लागतो. राजाला राहवत नाही. मडक्यासाठी एवढं काय रडायचं, म्हणून तो गोरक्षाचीच समजूत काढू लागतो.

पुढे गोरक्ष हुबेहूब तशाच अनेक पिंगळा उभ्या करतो, राजाला वैराग्य येतं, तो नाथपंथी होतो. त्या किमयेपेक्षा मला तिच्या आधीचा प्रसंग मोलाचा वाटतो. बारा वर्षांनी कोणीतरी त्याच्या शेजारी, त्याच राखेत बसलं. ऊठ म्हणालं नाही. मनाच्या जखमा कशा भरतात याबद्दल गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे काही शास्त्रशुद्ध कळलं आहे, त्याचा बराचसा गाभा या एका बसण्यात आहे, असं मला उज्जैनमध्ये फिरताना वाटत राहिलं.

हे गाव मेलेल्यांच्या दुःखाची नीट व्यवस्था लावणारं आहे. भैरवगडला सिद्धवटापाशी सकाळी जावं. वडाच्या पारावर दूध वाहिलेलं असतं, खाली घाटावर पिंड मांडलेले असतात, कोणी मुंडण करून भिजल्या पंच्याने बसलेला असतो. गुरुजी विचारतात: गोत्र? वडिलांचं नाव? आजोबांचं? पणजोबांचं? पणजोबांशी गाडी अडते, मग मागे उभा असलेला चुलता नाव पुरवतो. पंड्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असते. शिंदे-होळकरांच्या पाठोपाठ माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांची नावंही तिथे सापडतात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, बायजाबाईंनी गोपाळमंदिर बांधलं. मराठी माणसाचा या गावाशी असलेला संबंध यात्रेपुरता कधीच नव्हता.

घाटावर काय होतं ते जवळून पाहिलं तर जाणवतं, की शोक करणाऱ्याला तिथे एकटं सोडत नाहीत. त्याला हाताला काम दिलं जातं: दर्भ धर, पाणी सोड, हे नाव घे. दिवस ठरलेले असतात. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. भोवती माणसं असतात आणि त्याने रडलं तर कोणी वावगं मानत नाही. विधीवर श्रद्धा असो वा नसो, दुःखाला वेळ, जागा आणि साक्षीदार देण्याची ही रीत शहाणपणाची आहे.

पण नवऱ्याच्या हातचा मार खाल्लेल्या बाईने कोणत्या घाटावर जायचं? लहानपणी नात्यातल्याच कोणी अंगाला हात लावला, त्या मुलाने कोणत्या तिथीला पाणी सोडायचं? बाप रोज रात्री पिऊन येई आणि आई दाराला कडी लावून मुलांना घेऊन बसे, त्या घरातल्या मुलांचा दहावा-तेरावा कधी? जिवंत माणसांनी, त्यातही आपल्याच माणसांनी दिलेल्या दुःखाला आपल्याकडे विधी नाही, साक्षीदार नाहीत. त्यावर आपल्याकडे आहेत ती ठेवणीतली वाक्यं. झालं गेलं विसरून जा. मनावर घेऊ नकोस. भांड्याला भांडं लागायचंच. चार लोक काय म्हणतील? ती बोलणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना कळवळा असतो, काय करावं ते ठाऊक नसतं.

पुढे जिच्याबद्दल लिहिते आहे ती कोणी एक बाई नाही. माळव्यातल्या मराठी घरांतून ऐकलेल्या अनेक गोष्टींतून ती जुळवली आहे, म्हणून तिला नाव देत नाही.

ती शाळेत शिकवते. लग्नानंतर काही वर्षांनी मुलीला कडेवर घेऊन उज्जैनला माहेरी परत आली. आता आई, दादा, वहिनी यांच्यासोबत राहते. जेवणाखाण्याची ददात नाही, कोणी घालूनपाडून बोलत नाही. घटस्फोटाचे कागदही झाले. सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं. आणि तरीही संध्याकाळी खाली स्कूटरचं स्टँड लागल्याचा आवाज झाला की तिच्या हातातलं लाटणं थांबतं. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, मुलगी कुठे आहे हे नजर आधी शोधते. स्कूटर दादाची असते. ते तिलाही ठाऊक असतं. अंगाला ठाऊक नसतं.

धोक्याच्या क्षणी मेंदूतला भयसूचक भाग, म्हणजे अमिग्डाला, सगळी सूत्रं हाती घेतो. पळायचं, लढायचं की थिजून जायचं, हे तो विचाराच्या आधी ठरवतो. एरवी घडलेल्या गोष्टीला ‘हे तेव्हाचं, हे तिथलं’ असा शिक्का मारून ठेवण्याचं काम हिप्पोकॅम्पस करतो. भीती पराकोटीची आणि वारंवारची असली की हे काम विस्कटतं. मग आठवण भूतकाळात जाऊन बसत नाही. एखादा आवाज, एखादा वास, जिन्यावरची पावलं, आणि ती पुन्हा आत्ताची होते. म्हणून ‘विसरून जा’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही. विसरायला ती गोष्ट आधी जुनी व्हावी लागते.

वैद्यकाने या अवस्थेला अधिकृत नाव दिलं 1980मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर. आघातोत्तर तणावविकार, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीटीएसडी म्हणतात, तो असा रणभूमीवरून पुस्तकात आला. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की युद्धातून आलेला सैनिक आणि घरात मार खाणारी बाई यांच्या मनाची मोडतोड एकाच जातीची असते. सैनिकाला निदान रणभूमी सोडून घरी येता येतं. बाईची रणभूमीच घर. दीर्घकाळ, सुटकेचा मार्ग नसताना सोसलेल्या आघाताची वेगळी नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात झाली, आणि ते लागू झालं 2022मध्ये. इतक्या अलीकडे.

आपल्याकडे मोठ्या संकटांनंतर मनाच्या जखमांकडे लक्ष गेलं, हे खरं. उज्जैनहून काही तासांवर असलेल्या भोपाळमध्ये 1984च्या डिसेंबरात वायुगळती झाली. डोळे आणि फुप्फुसं यांच्यापलीकडेही त्यातून वाचलेल्या लोकांना काही झालं आहे, हे ओळखून 1985मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सामान्य डॉक्टरांना मनाचे आजार ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने मराठवाड्यात काम केलं. पण भूकंप सगळ्या गावाला दिसतो. बंद दाराआडचा भूकंप पंचनाम्यात येत नाही, तिथे मदतकार्यही पोचत नाही.

त्या शिक्षिकेच्या घरच्यांनी काही केलं नाही असं मुळीच नाही. आईने मंगळनाथाला भातपूजा करवली. त्या दिवशी सगळं घर तिच्यासाठी म्हणून बाहेर पडलं, तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या, याचं तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं खोटं नव्हतं. नंतर झोप लागत नाही म्हणून कोणीतरी झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. इथे मात्र सावध राहायला हवं. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात उद्भवणाऱ्या लक्षणांवर बेन्झोडायझेपिन गटातल्या, म्हणजे सर्रास दिल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2013ची स्पष्ट सूचना आहे. याच सूचनांत आघातावर बेतलेली बोधात्मक-वर्तन उपचारपद्धती आणि ईएमडीआर हे उपचार सुचवले आहेत. पहिल्या पद्धतीत आठवण आणि तिच्याभोवती जमलेले समज तपासून पाहतात. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून, डोळ्यांच्या डावी-उजवीकडच्या हालचालींच्या साथीने तिची धार कमी करत नेतात.

अखेर एका सहशिक्षिकेने तिला इंदूरच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव सुचवलं. उज्जैन ते इंदूर पंचावन्न-एक किलोमीटर. दर शनिवारी शाळा सुटली की बस.

पहिल्या काही भेटींत त्या बाईंनी ‘काय झालं होतं?’ हे विचारलंच नाही. झोप कशी लागते, जेवण जातं का, दिवसातला सगळ्यात अवघड तास कोणता, घरात सगळ्यात सुरक्षित जागा कोणती वाटते, एवढंच. ती म्हणाली, देवघरासमोरची. मग दोघींनी मिळून एक गोष्ट शिकून घेतली. छाती धडधडू लागली की पावलं फरशीवर घट्ट टेकवायची, फरशीचा गारवा जाणवू द्यायचा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मनात घ्यायची, श्वास आत घेतला त्याहून सावकाश सोडायचा. शरीराला वार, तारीख आणि पत्ता सांगायचा: आज शनिवार, हे उज्जैन, हे आईचं घर. ऐकायला साधं वाटतं. पण ज्याला स्वतःच्या धडधडीची भीती बसली आहे, त्याला ती आपल्या हाताने उतरवता येते हे कळणं फार मोठं असतं. या पायावरच पुढची भिंत उभी राहते. घाईने जखम उघडणारा उपचारक नुकसान करतो.

बऱ्याच आठवड्यांनंतर त्या एका संध्याकाळकडे दोघी वळल्या. डोळे मिटून, वर्तमानकाळात, सावकाश. स्टँडचा आवाज येतो. तो जिना चढतो. मी गॅस बंद करते. पहिल्यांदा सांगताना ती मध्येच थांबली. दुसऱ्यांदा पुढे गेली. तिच्या मनात वर्षानुवर्षं एक वाक्य घट्ट बसलं होतं: ‘मी नुसती उभी राहिले, मी काहीच केलं नाही.’ पुन्हा सांगताना बाईंनी विचारलं, “गॅस बंद केल्यावर तुम्ही काय केलंत?”

“मुलीला मागच्या खोलीत ढकललं. बाहेरून कडी घातली.”

“मग?”

“मग दारासमोर उभी राहिले.”

बाई काही बोलल्या नाहीत. काही वेळाने तीच म्हणाली, “म्हणजे मी मुद्दाम तिथे उभी होते.”

घडलेलं काहीच बदललं नव्हतं. मार तोच, संध्याकाळ तीच. त्यातली तिची जागा मात्र बदलली. नुसती उभी राहणारी बाई आणि मुलीच्या दारासमोर उभी राहणारी बाई यांत फरक आहे, आणि तो तिचा तिलाच सापडावा लागतो. दुसऱ्याने तयार करून हातात दिला तर लागू पडत नाही. आघातात सगळ्यात चिवट असते ती लाज. विपरीत असं, की घाव घालणाऱ्याला न वाटणारी लाज घाव सोसणाऱ्याच्या वाट्याला येते.

लाज म्हटलं की मला गजानन माधव मुक्तिबोध आठवतात. घरात मराठी बोलणारा, उज्जैनमध्ये वाढलेला आणि तिथेच काही काळ शिक्षक असलेला हा कवी हिंदीत लिहिता झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. गजाननरावांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत गावाबाहेरच्या ओसाड विहिरीत एक ब्रह्मराक्षस राहतो आणि अंगावरचा मळ जावा म्हणून सारखा अंग घासत असतो. मळ जात नाही. शेवटी कवी त्या ब्रह्मराक्षसाचा कनवाळू शिष्य व्हायचं म्हणतो, त्याचं अपुरं राहिलेलं काम पुढे नेण्यासाठी. कवितेचा विषय वेगळा, बुद्धिवंताच्या एकाकी कोंडीचा आहे. पण आघात सोसलेल्या माणसांना भेटल्यावर ती विहीर मला वारंवार दिसते. विहिरीच्या काठाशी कोणी थांबलं तर?

मानसोपचाराच्या खोलीत जे घडतं त्यातलं निम्मं तंत्र असतं आणि निम्मं नातं. ठरल्या वेळी दार उघडणारं माणूस. सांगितलेलं चार ठिकाणी न नेणारं. रडू आलं तर न घाबरणारं. आपण रागावलो तरी दुसऱ्या शनिवारी तसंच भेटणारं. ज्याला घरात कधी असं माणूस मिळालं नाही, त्याला ते पहिल्यांदा इथे भेटतं आणि माणसं अशीही असतात यावर हळूहळू विश्वास बसतो. मात्र तो विश्वास त्या खोलीतच राहिला तर उपयोग नाही. तो घरी यावा लागतो.

तिच्या बाबतीत तो दादामुळे घरी आला. दादा मुळात अबोल. ‘विसर आता सगळं’ हे त्याचं पालुपद. एकदा इंदूरला तिला सोडायला गेला तेव्हा, तिच्या संमतीने, बाईंनी त्यालाही आत बोलावलं आणि स्कूटरच्या आवाजाचं सांगितलं. तो परतीच्या वाटेवर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र गल्लीच्या तोंडाशीच हाक मारू लागला, “मी आलो गं!” मग स्टँड लावायचा. वहिनीनेही एक सवय लावून घेतली: मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, समोरून यायचं. कोणी कोणाला समजावलं नाही, कोणी उपकार केल्यासारखं दाखवलं नाही. निकोप नातं म्हणजे काय यावर पुष्कळ लिहिलं जातं. मला तरी ती गल्लीच्या तोंडाची हाक पुरेशी वाटते.

याला शास्त्राचाही आधार आहे. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार असे अनेक धोके एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही उत्तम वाढली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं, मायेचं मोठं माणूस. आजी, शेजारीण, शिक्षक. आईवडीलच असायला हवेत असं नाही. आणि जी मुलं किशोरवयात भरकटली, त्यांतली बरीचशी पुढे चांगला जोडीदार, चांगला गट किंवा पुन्हा शिकण्याची संधी मिळाल्यावर सावरली.

मराठी समाजाने हे स्वतःच्या रीतीने करून दाखवलेलं आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीतून मुक्तांगण सुरू केलं ते व्यसनी माणसांसाठी. पण तिथे त्यांच्या बायकांचा ‘सहचरी’ गटही उभा राहिला. नवऱ्याच्या पिण्याने घायाळ झालेल्या बायका गोल करून बसतात आणि एकीचं ऐकताना दुसरीला कळतं, की हे आपल्याच नशिबी आलेलं नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘सेहत’ संस्था आणि महानगरपालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उघडलं. ‘पाय घसरून पडले’ म्हणत टाके घालून घ्यायला आलेल्या बाईला परिचारिकेने हळूच बाजूला घेऊन विचारायचं, घरी काही त्रास आहे का? तेच काम पुढे मुंबईच्या इतर रुग्णालयांत पोचलं. मध्य प्रदेशातही भोपाळच्या जयप्रकाश रुग्णालयात 2014मध्ये ‘गौरवी’ हे एकछत्री मदत केंद्र सुरू झालं आणि पाठोपाठ देशभर ‘सखी’ केंद्रांची योजना आली.

आता अवघड भाग. इंदूरची बस परवडणारी, शाळेत नोकरी असलेली बाई सुदैवी म्हणायची. उन्हेल, तराना, महिदपूर या बाजूच्या खेड्यांतल्या बाईचं काय? निम्हान्सने 2015-16मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशही होता. उपचारांची गरज असलेल्या या राज्यातल्या माणसांपैकी तब्बल 91 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. जिल्हा रुग्णालयांत आता मानसिक आरोग्यासाठी ‘मन कक्ष’ आहेत, ही पुढची पायरी आहे. पण एका जिल्ह्याला एक खोली आणि त्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं, एवढ्यावर हे भागणारं नाही.

यावरचा मला सगळ्यात आशादायक वाटणारा मार्ग गोव्यातून आला. 1996मध्ये तिथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, एक साधा प्रश्न लावून धरला: मानसोपचाराची पदवी नसलेली, गावातलीच, नीट प्रशिक्षण दिलेली व्यक्ती हे काम करू शकेल का? गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत अशा समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम दिला. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. निष्कर्ष ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात 2017मध्ये छापून आले. त्यातली एक नोंद मला फार बोलकी वाटते: कार्यक्रमात आलेल्या बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाण तुलनेने कमी आढळली.

कार्यक्रमात करतात काय? सल्ला देत नाहीत. माणूस दिवसभरात काय करतो आणि काय करणं सोडलं आहे, हे त्याच्यासोबत बसून मांडतात. मैत्रिणीकडे जाणं सुटलं, भजनाला जाणं सुटलं, केस विंचरणंही सुटलं. मग त्यातलं एक लहानसं परत सुरू करायचं, पुढच्या भेटीत त्याबद्दल बोलायचं. सिद्धवटावर शोकात बसलेल्याच्या हाती दर्भ देतात तशीच ही गोष्ट.

उज्जैनहून भोपाळला जाताना वाटेत सिहोर लागतं. ‘संगाथ’ने तिथे सरकारी दवाखान्यांना हाताशी धरून अनेक वर्षं काम केलं, आणि गोव्यातला हा कार्यक्रम मध्य प्रदेशातल्या आशा कार्यकर्त्यांना स्मार्टफोनवरून शिकवण्याचा प्रयोगही सिहोरमध्येच झाला. घरोघर लसीकरणासाठी जाणारी, सुनेचंही ऐकणारी आणि सासूलाही ओळखणारी आशाताई हे काम करू शकते, हे दिसून आलं. नैराश्यावरचा हा उपचार आघाताच्या सगळ्या गाठी सोडवत नाही. जिथे थिजणं, दचकणं, स्वतःला इजा करणं आहे तिथे तज्ज्ञ लागतोच. पण तज्ज्ञापर्यंत जायची वाट कोणीतरी दाखवावी लागते.

एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलायचं आहे. मार चालू असताना मनावर उपचार होत नाहीत. हर्मन यांनी सांगितलेल्या तीन टप्प्यांत पहिला टप्पा सुरक्षिततेचा आहे, आठवण आणि शोक दुसरा, माणसांत परतणं तिसरा, आणि हा क्रम उलटवता येत नाही. पोलिसांच्या परिवार परामर्श केंद्रांपासून जातीच्या पंचायतीपर्यंत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी समुपदेशन म्हणजे समेट असा अर्थ घेतात. नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं, त्याने ‘पुन्हा होणार नाही’ म्हणायचं, तिने मान डोलवायची, फाईल बंद. याने घर वाचत नाही. बाईला एवढंच कळतं, की आता इथेही सांगण्यात अर्थ नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा 2006पासून लागू आहे. संरक्षण, निवारा, खर्च मागण्याचा हक्क तो देतो. मध्य प्रदेशातच 180 पोलीस ठाण्यांत झालेल्या आणि 2022मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात आलेल्या अभ्यासात दिसलं, की ठाण्यात महिलांसाठी स्वतंत्र कक्ष असला तर बायकांच्या तक्रारी अधिक नोंदल्या जातात, विशेषतः तिथे महिला अधिकारी नेमल्या असतील तर. म्हणजे ऐकायला कोण बसलं आहे यावर सगळं ठरतं.

आणि उपचारक निवडताना पारखून घ्या. ‘समुपदेशक’ अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ती विचारण्यात गैर काही नाही. जो पहिल्याच भेटीत ‘माफ करून टाका’ म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. माफ करायचं की नाही हा सोसलेल्याचा अधिकार. बरं होण्याची ती अट नव्हे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 2022पासून 14416 या क्रमांकावर आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतही.

2028मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरेल. त्यासाठी रस्ते रुंद होत आहेत, घाट वाढत आहेत. त्याच वेगाने जिल्ह्यातल्या प्रत्येक आशा कार्यकर्तीला हे प्रशिक्षण द्यायला किती खर्च येईल? एखाद्या घाटाच्या पायऱ्यांहून जास्त नाही, अशी माझी खात्री आहे. ही मागणी माळव्यातल्या मराठी मंडळांनी, गणेशोत्सव समित्यांनी लावून धरावी. व्याख्यानमाला होतातच, त्यात एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, आणि त्या संध्याकाळी पुरुषांनी पुढच्या रांगेत बसावं.

घरच्यांनी काय करावं, असं पुष्कळ जण विचारतात. तिला किंवा त्याला मन कक्षात, इंदूरला, जिथे कुठे जायचं असेल तिथे सोबत जावं. बाहेर बाकावर बसावं. दार उघडून माणूस बाहेर आलं की ‘काय विचारलं? तू काय सांगितलंस?’ असं विचारू नये. चहा घ्यायचा का, एवढं विचारावं. आणि पुढच्या खेपेची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.